वाळीत टाकण्याची परंपरा: सहनशील माणसांनी रेघ कुठे ओढावी?

गावकी, जातपंचायत, सामाजिक बहिष्काराचे खटले यांत काम केलेल्यांनी लिहावं. 'आमची रीत आहे, तुम्हीही ती सहन करा' असं पंच म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय करता? स्वतःची कहाणी नको, कामातले बारकावे हवेत.

वकील, रायगड : मतावर कारवाई होत नाही. 'आंतरजातीय लग्न आम्हाला मान्य नाही' हे मत झालं. 'त्या घराशी जो बोलेल त्याला दंड' हा गुन्हा. महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही त्यात येतो. एखाद्याने आपल्या घरच्या लग्नाला बोलावलं नाही तर तो बहिष्कार नव्हे. गावाने ठरवून चक्कीवर दळण, दुकानातला माल, स्मशानभूमी बंद केली तर आहे.

तक्रारी लिहून देणारी कार्यकर्ती : खटला पडतो तो पुराव्यावर, कारण पंचांचा निर्णय तोंडी असतो. म्हणून तारीख, जागा, बैठकीत कोण होतं, नेमके शब्द काय, हे त्याच दिवशी लिहून काढा. दंडाची पावती, वर्गणीच्या वहीतलं खोडलेलं नाव, व्हॉट्सअॅपवरचा निरोप, यातलं काहीही फेकू नका. साक्षीदार त्याच गावचा असेल तर पुढे फिरतो. त्याचं घरही त्याच चक्कीवर, त्याच दुकानावर चालतं. बाहेरचा माणूस शोधा: माल नाकारताना हजर असलेला टेम्पोवाला, शिक्षिका, आशाताई. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवून तपास करावा लागतो, तेव्हा 'आपसात मिटवा' म्हणून अदखलपात्र नोंदीवर बोळवण झाली तर अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपा. तक्रार पीडिताच्या घरचं कुणीही देऊ शकतं, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही. बैठक व्हायची आहे असं आधी कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. ती थांबवण्याचा आदेश त्यांना देता येतो.

कायद्याचा शिक्षक : मुंबई प्रांताच्या १९४९च्या कायद्याने समाजाबाहेर काढण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मताने तो रद्द केला: धर्मपंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क, अनुच्छेद २६. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं आणि मला तेच पटतं. २०२३मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कामातला, नाशिक : जातपंचायतीला मूठमाती अभियान २०१३चं. काही पंचायती पंचांनीच बरखास्त केल्या. बरखास्तीच्या कागदावर दंडाची रक्कम परत केल्याचं लिहून घ्या आणि तो भर सभेत वाचायला लावा, नाहीतर महिनाभरात तेच पंच दुसऱ्या आळीत बसतात. आणखी एक चूक वारंवार होते: चिडलेली मंडळी पंचाच्या घराशीच बोलणं बंद करतात. पंचाच्या सुनेचा दोष नसतो, आणि ठरवून तिचं पाणी-दळण तोडलं तर तोही याच कायद्याखाली बहिष्कार ठरतो.