विषय: [मंडळ-यादी] फॅमिकॉम आणि जुन्या कॅसेट टोकियोत कुठे घ्याव्यात?

ओंकार (निशिकासाई):

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात सांगलीला जातोय. घरचा जुना टीव्ही गेम अजून चालतो. त्याच्यासाठी मारिओ, काँट्रा अशा चार कॅसेट आणि जमलं तर खरा फॅमिकॉम (निन्टेंडोचं जुनं जपानी गेम यंत्र) न्यायचाय. अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलं की काम होईल ना?

मेधा (नाकानो):

ओंकार, काम होईल, पण खिसाही रिकामा होईल. अकिहाबारातलं सुपर पोटॅटो हे जुन्या गेमचं दुकान (तिसरा ते पाचवा मजला) बघायला जरूर जा. भाव मात्र पर्यटकांचे. नाकानो ब्रॉडवेतलं मांदाराके हे दुकान डब्यासकट, दुर्मिळ माल जमवणाऱ्यांसाठी. तुला नुसत्या कॅसेट हव्यात, तर उपनगरातलं मोठं हार्ड ऑफ (जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी) गाठ, स्टेशनपासून जितकं लांब तितकं बरं. निघण्याआधी सुरुगाया या जुना माल विकणाऱ्या दुकानाच्या साइटवर त्याच कॅसेटचा भाव बघून ठेव, म्हणजे दुकानात फसगत नाही.

चिठ्ठीवर 'दोसा काकुनिन-झुमी' असेल तर दुकानाने चालवून पाहिलंय. 'हाकोसेत्सु' म्हणजे डबा आणि माहितीपुस्तिका सोबत. खेळायचंच असेल तर त्याचे जादा पैसे कशाला? 'जंक' म्हणजे बिघडलेलंच असं नाही: हमी नाही आणि परत घेणार नाही, एवढंच. जंकच्या टोपलीतल्या 110 किंवा 330 येनच्या कॅसेट बिनधास्त घे. बहुतेकींना फक्त मळ असतो. जंक फॅमिकॉम मात्र नको. 1983 च्या मूळ मॉडेलचे दोन्ही कंट्रोलर आतून जोडलेले असतात, एक गेला तर यंत्र उघडावं लागतं. शिवाय ते फक्त अँटेनाच्या वायरीतून, जपानी चॅनेल 1 किंवा 2 वर चित्र देतं. सांगलीच्या टीव्हीवर ते जुळवत बसशील. 1993 चा 'न्यू फॅमिकॉम' शोध. पिवळ्या पिनचं चित्र, कंट्रोलर सुटे, आणि वायर सुपर फॅमिकॉमचीच (पुढच्या पिढीच्या यंत्राची) चालते. महाग आहे, पण डोकेदुखी नाही. फक्त टीव्हीने एनटीएससी (जपानची चित्रपद्धत) घेतलं पाहिजे, नाहीतर जुन्या डब्यावर चित्र काळं-पांढरं दिसतं.

आपल्याकडच्या टीव्ही गेमची खाच सहसा 60 पिनांची, फॅमिकॉमसारखीच, म्हणून इथली कॅसेट तिथे बसते. (जपानीतही तिला 'कासेत्तो'च म्हणतात!) अमेरिकन एनईएसची (फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाची) 72 पिनांची, ती घेऊ नकोस. आपले टीव्ही गेम बहुतेक पाल या आपल्याकडच्या चित्रपद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. जपानी कॅसेट 60 धरून बनवलेल्या. मारिओ साधारण सहाव्या हिश्शाने संथ पळेल. बिघाड समजू नकोस.

'64 इन 1' कॅसेट इथल्या दुकानांत शोधू नकोस, त्या सगळ्या नकली होत्या. काँट्रा (1988) इथे महाग मिळते. मारिओ भरपूर आणि स्वस्त.

मेरुकारीवर (लोक आपल्या जुन्या वस्तू विकतात ते अॅप) घेतलंस तर पार्सल येताच लावून बघ आणि मगच 'उकेतोरी ह्योका' (माल मिळाल्याची पोच) दाब. ती दाबली की पैसे विक्रेत्याकडे जातात, मग भांडायला जागा उरत नाही.

श्रीकांत (योकोहामा):

मेधाताईंनी वीज सोडली, ती मी घेतो. फॅमिकॉमचा अॅडॉप्टर 100 व्होल्टचा. सांगलीच्या 230 वर लावलात की आतला ट्रान्सफॉर्मर जळणार. 230 चे 100 करणारा 50 वॉटचा स्टेपडाउन पुरेसा आहे, कारण अॅडॉप्टरमधून बाहेर येतात 10 व्होल्ट डीसी आणि 850 मिलिअँपिअर. तिथलाच अॅडॉप्टर वापरायचा तर 9 व्होल्ट, 1 अँपिअर, डीसी, आणि मधली पिन ऋण असलेला. बाजारात मिळणारे बहुतेक मधली पिन धन असलेले असतात, म्हणून लेबलावरचं गोलाचं चित्र बघितल्याशिवाय लावू नका. अमेरिकन एनईएसचा अॅडॉप्टर तर एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला की खेळ खलास.

कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नका, तोंडातल्या दमटपणाने पिना गंजतात. औषधांच्या दुकानातून 'मुसुई एतानोरु' (पाणी नसलेलं अल्कोहोल) घ्या, कापसाची काडी ओली करून पिना पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. दहा मिनिटं वाळू द्या. सॅंडपेपर मुळीच नको, वरचा मुलामा जातो.

ओंकार:

ड्रॅगन क्वेस्ट पण घ्यावी म्हणतो. जुन्यात गेम सेव्ह होतो का?

श्रीकांत:

पहिल्या दोन भागांत पासवर्ड आहे, बॅटरीचा प्रश्नच नाही. तिसऱ्यात (1988) सेल आहे, आणि इतक्या वर्षांत तो बसलेला असायचा. दुकानात 'सेव्ह होतं का' हे वेगळं विचारा, कारण गेम सुरू झाला की दुकानदार 'चालते' म्हणून मोकळा होतो. सेल बदलायला कॅसेट उघडावी लागते. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटना स्क्रू नसतात, कवच खाचांनी अडकवलेलं असतं; प्लास्टिकच्या पट्टीने हळू उचकटा, स्क्रूड्रायव्हर घातलात तर कडा तुटते. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटना 3.8 मिमीचा खास पेचकस लागतो. सेल सीआर2032, पण पत्र्याचे पाय जोडलेला. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटतो. काढताना धन-ऋण बाजूचा फोटो घ्या. जुनं सेव्ह जाणारच. आणि सगळा मजकूर जपानीत आहे, ते घरच्यांना आधी सांगा. पायवाला सेल सांगलीत शोधत हिंडण्यापेक्षा अकिहाबारातून दोन घेऊन जा.