ऐनवेळच्या विषयातील ठरावाला हरकत घेण्याबाबत मदत हवी आहे

आमच्या नगरपरिषदेच्या गेल्या सर्वसाधारण सभेत भाजी मंडईचे गाळे नव्याने भाडेपट्ट्याने देण्याचा विषय, मूळ विषयपत्रिकेत नसतानाही, 'ऐनवेळचे विषय' म्हणून घेऊन बहुमताने संमत करण्यात आला. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या इतिवृत्ताच्या प्रतीत ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे आहेत. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांनी उभे राहून नोंदवलेला विरोध मात्र त्यात कोठेही नाही. मुख्याधिकाऱ्यांकडे दिलेल्या लेखी हरकतीवर आवक क्रमांकाचा शिक्का तेवढा मिळाला, उत्तर नाही. मी सदस्य नसून केवळ गाळेधारक आहे आणि हे इतिवृत्त अद्याप कायम (म्हणजे सभेत वाचून मंजूर) झालेले नाही. अशा स्थितीत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ अन्वये ठराव स्थगित करण्यासाठी मी जिल्हाधिकाऱ्यांकडे आताच अर्ज करावा, की इतिवृत्त कायम होईपर्यंत थांबावे?