मदत हवी आहे: बारमध्ये कच्चं तंदुरी चिकन, वर दमदाटी, आता रिव्ह्यू काढा म्हणून फोन

निशिगंध
लवकर सांगा कृपया, डोकं सणकलंय. शनिवारी रात्री घरचे सगळे जेवायला गेलो होतो. खाली परमिट रूम, वर फॅमिली सेक्शन. फुल तंदुरी मागवली. वरून मस्त काळपट डाग, पण तंगडी मोडली तर सांध्यापाशी मांस गुलाबी, ओढलं की रबरासारखं ताणलं जात होतं. वेटरला दाखवलं तर प्लेट घेऊन गेला आणि तीच तंगडी पुन्हा शेकून आणली. जावेने घास तोडलेली जागा तशीच दिसत होती! मॅनेजर म्हणे, तंदुरी अशीच असते, सगळे खातात. बिलात तंदुरी लावलीच, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. काढा म्हटलं तर दोन माणसं टेबलाला खेटून उभी राहिली. सासरे सोबत होते, तमाशा नको म्हणून पैसे भरून निघालो. दुसऱ्या दिवशी दिरांना उलट्या. मी फोटोसकट गुगल रिव्ह्यू टाकला. आता मालकाचे फोन येताहेत, काढा नाहीतर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवतो म्हणतो. तक्रार कुठे करू? रिव्ह्यू काढावा लागेल का?

घाटपायथा
गाव कुठलं? बिल आहे का? पैसे रोख दिले की यूपीआय? आणि मालकाकडे तुमचा नंबर आला कुठून?

शेगडी
हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. हाडापाशी लाल दिसलं म्हणजे कच्चंच असं नाही. हल्लीच्या ब्रॉयलर कोंबड्या कमी वयाच्या, हाडं कोवळी. आतला मगज झिरपून आजूबाजूचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसतं. यावरून आमच्याशी भांडणारी गिऱ्हाइकं खूप. फोटोवर जाऊ नका.

निशिगंध
रंगावरून म्हणतच नाहीये मी. आत गार होतं. हाताला गार लागलं.

शेगडी
मग प्रश्नच मिटला, ते कच्चंच. हे आधी लिहायला हवं होतं, ताई. बऱ्याच ठिकाणी दुपारीच कोंबडी अर्धी भाजून फ्रीजला टाकतात, ऑर्डर आली की पुन्हा तंदूरमध्ये. शनिवारची गर्दी असली की फ्रीजमधून थेट सळईवर. बाहेरून करपते, आत गारच राहते. आतपर्यंत ७५ अंश गेलंच पाहिजे. आणि टेबलावरून उष्टा परत आलेला पीस पुन्हा तंदूरमध्ये घालणं, याला माफी नाही. माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता.

पापलेटवाला
बारमध्ये चिकन खावंच कशाला? तंदुरी सुरमई मागवा. लगेच कळतं.

वेंगुर्लेकरीण
काय कळतं? निम्म्या ठिकाणी सुरमई म्हणून बासा देतात. पांढरं फटक, काटा नाही, चव नाही. सुरमईच्या तुकडीला मधला काटा असतो. साल सोलून आणली तर समजायचं काय ते.

पापलेटवाला
आमच्याकडे नाही असं होत. मालक स्वतः ससून डॉकला जातो.

रेवाकाठ
माशांसाठी वेगळा धागा काढा, त्यांना उत्तर हवंय. निशिगंध, सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने सूचना कायम ठेवल्या. १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलाचा फोटो तयार ठेवा.

घाटपायथा
हेल्पलाइनने काही होत नाही. सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते, दोन वर्षांची मुदत आहे.

रेवाकाठ
एका तंदुरीसाठी वर्षभर तारखा? आधी हेल्पलाइन. हॉटेलवाले तिथेच बऱ्याचदा पैसे परत करतात. नाही केले तर आयोग आहेच.

घाटपायथा
पैसे परत मिळाले की ते पुढच्या गिऱ्हाइकाला तेच करणार. आदेश निघाला की दहशत बसते.

हिशेबनीस
बिलात दारू असेल तर तिच्यावर जीएसटी लावलाय का तेही बघा. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर व्हॅट असतो, परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जेवणावर ५ टक्के जीएसटी. दोन्ही वेगळे दाखवायला हवेत.

निशिगंध
दारू कुणीच घेतली नाही हो. ठाणे, घोडबंदर रोड. बिल यांच्याकडे होतं, आत्ता बघितलं. यूपीआयने दिलेत. नंबर टेबल बुक करताना दिला होता. पण बिलावर नुसतं हॉटेलचं नाव आणि आकडे आहेत, बाकी काहीच नाही. हे चालतं?

रेवाकाठ
नाही चालत. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, छापणं बंधनकारक आहे. हाच मुद्दा सगळ्यात भक्कम, कारण कागदच पुरावा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) लेखी तक्रार द्या, टोल फ्री १८००२२२३६५. तुमची ती तंगडी आता कुणी तपासू शकणार नाही, पण अन्न सुरक्षा अधिकारी स्वयंपाकघर आणि फ्रीज तपासू शकतात. दिरांना डॉक्टरकडे नेलं होतं का? कागद आहे?

निशिगंध
नाही. ओआरएस देऊन घरीच बरे झाले.

रेवाकाठ
मग रिव्ह्यूत ‘तुमच्या चिकनमुळे आजारी पडले’ असं वाक्य असेल तर तेवढं काढा. ‘दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या’ एवढंच ठेवा. जे डोळ्यांनी पाहिलं, हाताला लागलं, तेच लिहा. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीच्या ३५६ कलमात लोकहितासाठी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला अपवाद आहे. काढायची गरज नाही.

चहाकट्टा
दुसरी बाजू सांगतो. माझं छोटं हॉटेल आहे. एका वाईट रिव्ह्यूने महिनाभर धंदा बसतो, आचारी, पोरं सगळ्यांचे पगार त्यावर. मालकाला एक संधी द्या, समोर बसून बोला.

शेगडी
चहाकट्टा, संधी त्याच रात्री होती. मॅनेजरने माफी मागून दुसरी प्लेट दिली असती तर हा धागाच निघाला नसता. गिऱ्हाइकाच्या अंगावर माणसं घालणाऱ्याशी समोर बसून काय बोलायचं?

चहाकट्टा
माणसं उभी करणं चूकच, त्याला माझा पाठिंबा नाही. पण फोन करतोय म्हणजे त्याला मिटवायचंय.

घाटपायथा
मिटवणारा नोटिशीची भाषा करत नाही. ताई, फोन उचलूच नका. ‘जे म्हणायचंय ते लेखी पाठवा’ एवढा एक मेसेज टाका. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा. घरी माणूस आला तर लगेच ११२.

वेंगुर्लेकरीण
आणि त्या तंदुरीचा लालभडक रंग? कर्नाटकाने २०२४ मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगावर बंदीच घातली. आपल्याकडेही व्हायला हवी. घरी काश्मिरी मिरची आणि दही लावून बघा, वेगळा रंग घालावाच लागत नाही.

निशिगंध
१९१५ वर सर्व्हिस चार्जची तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. एफडीएचा अर्ज लिहून झाला, बिलाची झेरॉक्स जोडलीय, उद्या हे देऊन येतील. रिव्ह्यूतलं ते एक वाक्य बदललं, बाकी तसाच. मालकाला मेसेज टाकला, तेव्हापासून फोन नाही. पण आता रिव्ह्यूखाली त्यांनी लिहिलंय की आम्ही बिल न भरता गेलो! यावर काय करू?

हिशेबनीस
यूपीआयची पावती आहे ना? नाव, नंबर झाकून फोटो रिव्ह्यूतच जोडा. तारीख आणि रक्कम दिसू दे.

सावरोली
रविवारी घोडबंदरलाच आमचं गेट-टुगेदर आहे. नाव इथे नको, व्यनि (खाजगी मेसेज) करता का?