मऊ चालीसाठी साइडवॉलची उंची बघा
मऊ चालीसाठी कोणते टायर घ्यावेत या प्रश्नावर कोणीतरी सुचवलंय की रुंद टायर टाकले की गाडी मऊ चालेल; मला ते अजिबात पटत नाही. खड्ड्याचा धक्का झेलते ती साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधली टायरची बाजू. १९५/५५ आर१६ मध्ये (रुंदी १९५ मिमी, साइडवॉल तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) तिची उंची साधारण १०७ मिमी, १८५/६५ आर१५ मध्ये १२०; चाकाचा एकूण व्यास मात्र जवळजवळ तेवढाच. तुमच्या मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीच १५ इंची रिम देत असेल तर खुशाल तीच बसवा, पुण्यातल्या स्पीडब्रेकरवर फरक लगेच कळेल. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर आवाज थोडा येणारच. तिथे मला मिशेलिनचा प्रायमसी टायर शांत वाटतो. घेताना टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे नक्की वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. आणि हवा दाराजवळच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच भरा.