‘शेअर्ड लायब्ररी’ला सामायिक ग्रंथालय म्हणावे का?

फोंड्याला मुलांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, त्यासाठी मराठीत टिपणे काढते आहे. ‘शेअर्ड लायब्ररी’साठी (तयार कोडची फाइल, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती) ‘सामायिक ग्रंथालय’ लिहिले आणि अडखळले. आपल्याकडे ग्रंथालय म्हटले की पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आठवते, १८३२ साली ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झालेले. तिथले पुस्तक घरी आणता येते. शेअर्ड लायब्ररीतले काहीच घरी येत नाही! घरी येते ते स्टॅटिक लायब्ररीतले. लागेल तेवढा कोड लिंकर (कोडचे तुकडे जोडणारे साधन) आपल्या प्रोग्रामात उतरवून घेतो. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद:
‘सामाईक’ सोडू नका. सामाईक विहीर, सामाईक वाट, सामाईक भिंत: वस्तू एक, हक्क सगळ्यांचा. (‘सामायिक’ही लिहितात, पण जैनांत ती समभावाची साधना, म्हणून मी ‘ई’ लिहितो.) खटकते ते ‘ग्रंथालय’. मला पेडण्याकडचा घाणा आठवतो. ज्याने त्याने आपले खोबरे न्यायचे, तेल ज्याचे त्याचे, घाणा एकच. लायब्ररीचा कोडही मेमरीत एकदाच असतो, डेटा मात्र प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा. घाणा दुरुस्त केला की सगळ्यांचेच तेल सुधारते. तसेच लायब्ररीतली चूक काढली की प्रोग्राम पुन्हा बांधावे लागत नाहीत, फक्त फंक्शनांची नावे आणि त्यांना काय द्यायचे ते बदलता कामा नये. टिपणात ‘सामाईक संच’ लिहा, शिकवताना घाणा सांगा.

प्रश्नकर्ती:
घाणा फार आवडला, ‘सामाईक संच’ घेतला. ‘बिल्ड’ला ‘बांधणी’ लिहिते. ‘मेक’ हा बांधणी करून देणारा प्रोग्राम फाइलींच्या वेळा ताडून बदललेला भागच पुन्हा कंपाइल करतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतो. कंपाइल करताना लागणाऱ्या ‘एफपिक’ (-fPIC) या पर्यायासाठी ‘स्थाननिरपेक्ष’ चपखल बसतो: संच कुठल्या पत्त्यावर चढेल ते आधी ठाऊक नसते, म्हणून कोडात पक्के पत्ते चालत नाहीत. मग ‘शेअर्ड’ हा पर्याय दिला की एसओ (.so) फाइल, म्हणजे सामाईक संच, तयार.

‘डायनॅमिक लिंकिंग’ला (प्रोग्राम चालताना संच जोडणे) मात्र ‘गतिमान जोडणी’ लिहिणार नाही, त्याने वेगाचा भास होतो. काल एका मुलीची बांधणी बिनचूक झाली, प्रोग्राम चालवल्यावर मात्र ‘फाइल सापडत नाही’. बांधताना तिने लिंकरला संचाची जागा सांगितली होती. चालताना लोडर (संच मेमरीत चढवणारे साधन) नेहमीच्या जागांवर शोधतो, तिथे संच नव्हता. लोडरने आणखी कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या ‘एलडी लायब्ररी पाथ’ (LD_LIBRARY_PATH) या सेटिंगमध्ये ती जागा दिल्यावर चालला. ‘बांधतानाची जोडणी’ आणि ‘चालतानाची जोडणी’ म्हटले असते तर तिने पहिल्यांदा तिथेच पाहिले असते. टिपणात आता हेच दोन शब्द ठेवले आहेत.