बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घ्यावी की मायक्रोबायोलॉजी?

प्रश्न : यंदा पीसीबी गटातून बारावी उत्तीर्ण झालो असून नीटमधील गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळण्याची शक्यता दिसत नाही. जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.साठी बायोकेमिस्ट्री (जीवरसायनशास्त्र) आणि मायक्रोबायोलॉजी (सूक्ष्मजीवशास्त्र) हे दोन पर्याय आहेत. जीवशास्त्र मला आवडते. गणित मात्र दहावीनंतर सोडले आणि भौतिक रसायनातील उदाहरणे बारावीत जेमतेम सुटत होती. बायोकेमिस्ट्रीत मुख्यतः चयापचयाच्या, म्हणजे पेशीत एकामागून एक होणाऱ्या रासायनिक अभिक्रियांच्या, साखळ्या पाठ कराव्या लागतात, असे एका सीनियरने सांगितले. तसे असेल तर माझी तयारी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : सीनियरचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीच्या) दहा पायऱ्या कोणीही पाठ करू शकतो. परंतु त्यातील फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) पेशीत एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढले की मंदावते आणि एएमपी (ऊर्जा कमी पडत असल्याची खूण असलेला रेणू) वाढले की वेग घेते, ते का, हे सांगता आले तरच विषय समजला म्हणायचे. विकरांचा वेग शिकताना १९१३चे मायकेलिस-मेंटेन समीकरण (विकराचा वेग आणि त्याला मिळणाऱ्या पदार्थाचे प्रमाण यांचे नाते) येते, बफर (आम्लता फारशी बदलू न देणारे द्रावण) तयार करताना लॉगॅरिदम लागतो. गणित अकरावीच्या पातळीपलीकडे फारसे जात नाही, पण ते टाळता येत नाही. भौतिक रसायनाचा मनापासून कंटाळा असेल तर मायक्रोबायोलॉजी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २ : वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही, कारण हे गणित प्रॅक्टिकलमध्ये हाताखालून गेले की त्याची भीती बरीच ओसरते. डीएनएस या रसायनाच्या पद्धतीने साखर मोजताना पिवळे द्रावण उकळत्या पाण्यात ठेवल्यावर नारिंगी-तांबडे होते, ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर त्याचे रीडिंग घेतात आणि साखरेचे प्रमाण ज्ञात असलेल्या नळ्यांवरून आलेख काढतात. पिपेट धरणारा हात सैल असेल तर बिंदू सरळ रेषेत बसत नाहीत आणि चूक कुठे झाली ते आपल्यालाच शोधावे लागते. म्हणून प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा पाहून यावी, एका बॅचमागे किती स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे, हे रीडिंग देणारे उपकरण) आहेत आणि त्यांतले चालू किती, हे विचारावे. उपकरणाला फक्त सर हात लावत असतील तर विषय कोणताही घेतला तरी नुकसानच आहे.

प्रतिसाद ३ : पुढच्या वाटांविषयी थोडे. केवळ या पदवीवर पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञाचे काम हवे असेल, तर बहुतेक ठिकाणी डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) विचारतात. संशोधनाकडे जायचे असेल तर एम.एस्सी. धरूनच चालावे. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरात तर रसायनशास्त्राचा विभाग सक्तीचा असतो आणि बायोकेमिस्ट्री हा ऐच्छिक विभागांपैकी एक. वनस्पतींतील सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनातील एक प्रथिन) या विषयावर केंब्रिजमधून १९३९मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला सोहोनी यांची मुंबई विद्यापीठाची पदवीसुद्धा रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र याच विषयांतली होती. तेव्हा बायोकेमिस्ट्री घेतलीत, तर महाविद्यालयात सोय असल्यास मायनर (दुय्यम विषय) म्हणून रसायनशास्त्रच निवडावे, आणि वर्ग सुरू होण्याआधी अकरावीच्या पुस्तकातील लॉगॅरिदम व आलेखांची प्रकरणे सोडवून पाहावीत.