घाटात टर्बोचा दाब कमी पडतो; टर्बो बदलण्याआधी काय तपासावे?

घाटवाट (कोथरूड)
नमस्कार. माझ्याकडे व्हीजीटी, म्हणजे बदलत्या पात्यांचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेली बीएस-४ डिझेल गाडी असून ती एक लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे. शहरात ती व्यवस्थित चालते. परंतु खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ओढ एकदम जाते, मागून काळा धूर येतो आणि इंजिनाचा दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ सगळे ठीक होते. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड येतो. चढावर मागणी २१० किलोपास्कलची दिसते, प्रत्यक्षात मात्र दाब १५० च्या आसपासच अडकतो. गॅरेजमध्ये एवढे पाहूनच टर्बो बदलायला सांगितले आहे. खर्च मोठा असल्यामुळे, त्याआधी काय काय तपासून घ्यावे याचे मार्गदर्शन हवे आहे.

गॅरेज-भोसरी
पी०२९९ चा अर्थ इतकाच की संगणकाने मागितलेला दाब मिळाला नाही. टर्बो खराब आहे असे तो कोड सांगत नाही, त्यामुळे एवढ्यावरून टर्बोला हात घालू नये.

आधी आकड्यांचा अर्थ लावू. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाबच साधारण ९५ किलोपास्कल असतो. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, सेन्सर तेवढा आकडा दाखवतो का ते पाहा. त्या वेळी तो ८० किंवा ११० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवरच संशय घ्यावा लागेल. सेन्सर बरोबर असेल, तर तुमच्या टर्बोकडून ११५ ची भर अपेक्षित असताना जेमतेम ५५ मिळते आहे आणि ही तूट किरकोळ नाही.

काळ्या धुरामुळे माझा पहिला संशय गळतीवर जातो. एअर फिल्टरजवळचा सेन्सर आत आलेली हवा मोजतो, त्या हिशोबाने डिझेल सोडले जाते आणि टर्बोच्या पुढे फाटलेल्या होजमधून त्यातली काही हवा बाहेर निघून जाते. साहजिकच डिझेल जास्त आणि हवा कमी असे होते. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही होज काढून, हाताने वाकवून पाहा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते. दाब नसताना ती मिटलेली राहते, म्हणून वरून टॉर्च मारून दिसत नाही. तिथे तेलाचा पातळ थर बसून त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर ती खूण महत्त्वाची आहे. थोडे तेल श्वसननळीतून (इंजिनाच्या तेलाच्या भागातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारी नळी) येतच असते, त्यावरून टर्बो गेला असे समजू नये.

खात्रीसाठी दाबाची चाचणी करून घ्या. टर्बोचे हवा घेणारे तोंड बूच लावून बंद करावे, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. एक बारच्या वर जाऊ नये, आणि इंजिनाची श्वसननळी आधी बंद करावी, नाहीतर हवा तेलाच्या भागात शिरते आणि सील उखडण्याचा धोका असतो.

सूक्ष्ममापक
वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त व्हॅक्यूमची बाजू जोडतो, कारण पुष्कळ जुन्या व्हीजीटी गाड्यांमध्ये पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो. बारीक रबरी नळी कडक होऊन तडकली की पाती उघडीच राहतात आणि दाब कमी पडतो. साध्या वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणाऱ्या झडपेच्या) टर्बोवर, जिथे ॲक्च्युएटर टर्बोच्याच दाबावर चालतो, नळी निघाली तर उलट दाब वाढत जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरचा उपाय आपल्या गाडीला लावण्याआधी आपला प्रकार कोणता हे नक्की करावे.

हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम द्यावा. दांडी न अडकता सरकली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर काटा खाली येता कामा नये. काटा टिकतो पण दांडी मध्येच अडकते, तर पात्यांवर काजळी बसली असण्याची शक्यता मोठी आहे. पुण्यात वातावरणाचा दाबच सुमारे ७१० मिलिमीटर पारा असतो, म्हणून समुद्रसपाटीसाठी दिलेले व्हॅक्यूमचे आकडे इथे पूर्ण भरत नाहीत. तेवढ्यावरून व्हॅक्यूम पंपाला दोष देऊ नये.

इंजिन-पर्वती
एक्झॉस्टची बाजूही राहू नये. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधली गॅस्केट फुटली, तर टर्बोपर्यंत पुरेसा जोर पोहोचतच नाही. गॅस्केट फुटल्यावर तिथे काजळीचे पट्टे दिसतात आणि थंड इंजिनावर टकटक असा आवाज येतो. सायलेन्सरच्या बाजूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल, तरीही हाच परिणाम होतो. टर्बो शेवटी उघडावा. टर्बोचा फिरणारा दांडा आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे; तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, किंवा त्यावरच्या चाकाचे पाते घराला घासल्याच्या खुणा असतील, तरच तो बदलावा. आणि बदलायचाच झाला, तर त्याला तेल पुरवणारी नळी तुंबलेली नाही हे पाहिल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नका.

घाटवाट (कोथरूड)
सर्वांचे मनापासून आभार. इंजिन बंद असताना सेन्सरने ९५ दाखवले. दाबाच्या चाचणीत इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजला क्लॅम्पच्या लगत, खालच्या अंगाला बोटभर लांबीची चीर सापडली. साबणाचे बुडबुडे तिथूनच येत होते. होज आणि क्लॅम्प नवे बसवले. कात्रजच्या चढावर आता मागणी २१० ची असताना २०५ मिळतात आणि धूर थांबला आहे. मात्र पाय दाबल्यावर दाब चढायला थोडा वेळ लागतो असे वाटते. हे स्वाभाविक आहे का?

गॅरेज-भोसरी
इतका फरक चालण्यासारखा आहे. दाब उशिरा चढण्याबद्दल मात्र निष्काळजी राहू नका. कोड पुसून, भर चढावर मागणीचा आकडा, प्रत्यक्ष दाब आणि ॲक्च्युएटरला जाणारा आदेश हे तिन्ही एकत्र नोंदवून इथे टाका. आदेश लगेच वाढतो आणि दाब मागे रेंगाळतो असे दिसले, तर हातपंपाची चाचणी करून पात्यांची हालचाल पाहून घेऊ.